काच सफाईच्या धंद्यासाठी जुनी पाण्याची टाकी घ्यावी का? (जळगाव)

काचवाला
राम राम मंडळी. मी आणि मामेभाऊ मिळून जळगावात काच सफाईची कामं घेतो. शोरूम, दवाखाने, क्लासच्या इमारती. आतापर्यंत बादली, वायपर आणि शिडीवर भागलं. आता लांब दांड्याचा ब्रश घेतोय, त्यातून नळीचं पाणी येतं आणि तीन मजल्यांपर्यंतचं काम जमिनीवर उभं राहून होतं. अडचण पाण्याची आहे. गिऱ्हाइकाकडे मिळतं ते बहुतेक बोरचं. वाळलं की काचेवर पांढरे ठिपके, मग पुन्हा पुसायला शिडी आलीच. म्हणून पाणी शुद्ध करून आपणच सोबत न्यायचं ठरवलंय.

अजिंठा चौफुलीकडे एका भंगारवाल्याकडे लोखंडी जाळीतली हजार लिटरची पांढरी टाकी बघितली. खाली कॉक आहे, वर झाकण आहे. साडेचार हजार सांगतो, चारवर येईल असं वाटतं. मामांचा छोटा हत्ती आहे, त्यावर बसवून टाकायची असा विचार आहे. कोणी अशी टाकी वापरली आहे का? घेताना काय बघायचं?

खटपट्या
घेऊन टाक भाऊ. आमच्या साइटवर क्युरिंगला, म्हणजे नव्या सिमेंटवर पाणी मारायला, अशाच टाक्या आहेत, काही होत नाही.

जुनाफिटर
खटपट्याभाऊ, क्युरिंगची टाकी जमिनीवर असते. इथे गाडीचा प्रश्न आहे.

काचवाला, आधी वजन मांडा. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. रिकामी टाकी जाळी-पॅलेटसकट साठ किलोच्या आसपास. त्यात तुम्ही दोघं, पंप, बॅटरी, नळीचं रीळ, शिड्या. छोट्या हत्तीची भार क्षमता साडेसातशे किलोच्या आसपास असते, मॉडेलप्रमाणे थोडी कमी-जास्त. आरसी बुक काढून बघा. म्हणजे भरलेली टाकी ठेवली की गाडी ओव्हरलोड. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. चार हजारांच्या टाकीपायी हे कोण करणार?

तुम्ही म्हणाल, अर्धीच भरतो. ते तर जास्त वाईट. भरलेल्या टाकीत पाणी जागच्या जागी राहतं. अर्ध्या टाकीत ते ब्रेकला पुढे धावतं आणि वळणावर बाजूला आपटतं. या टाकीला आतून आडवे पडदे नसतात आणि ती उंचीला जवळपास चार फूट आहे. हत्तीसारख्या अरुंद गाडीवर लळिंगचा घाट उतरताना पाचशे किलो पाणी डावीकडून उजवीकडे गेलं की काय होतं, ते ज्याने स्टिअरिंग धरलंय त्यालाच विचारा.

काचवाला
जुनाफिटर काका, घाटात कशाला जातो, कामं जळगावातच आहेत. पण वजनाचं पटलं. मग किती लिटरची टाकी गाडीवर चालेल?

धुळेकरीण
माझी धुळ्यात हाउसकीपिंगची एजन्सी आहे, हा ब्रश आम्ही वापरतो. भाऊ, हजार लिटर लागतच नाहीत तुम्हाला. नळीतून मिनिटाला साधारण दीड-दोन लिटर पाणी जातं आणि सगळा वेळ पाणी चालू नसतंच. ब्रश एका खिडकीवरून दुसरीवर नेताना, गाडी सरकवताना, चहाला थांबताना पंप बंद. एका ब्रशला दिवसाचे अडीचशे-तीनशे लिटर पुष्कळ झाले. शोरूमची मोठी काच असली तरी चारशेच्या वर जात नाही.

आम्ही गाडीत दोनशे-दोनशे लिटरचे दोन बंद तोंडाचे ड्रम ठेवतो, मधून पाइपने जोडलेले, केबिनच्या भिंतीला टेकवून आडवे रॅचेट पट्टे मारलेले. पट्टे गाडीच्या पत्र्याला नाही, खालच्या चेसिसला जाणाऱ्या हुकांना. एक ड्रम संपला की दुसरा, म्हणजे हलणारं पाणी नेहमी एकाच ड्रममध्ये असतं. पंप म्हणाल तर बारा व्होल्टचा डायफ्राम पंप. शेतकरी पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप घेतात ना, त्यातला पंप त्याच जातीचा, फक्त जरा मोठा घ्या.

तापीकाठ
रावेर तालुक्यातून लिहितोय, केळीवाला माणूस. धंद्याचं मला कळत नाही, पण जुन्या ड्रमबद्दल बोलायचंय.

भाऊ, पहिले टाकीमा काय व्हतं ते इचार, मंग भाव कर.

आमच्याकडे शेतात निळे ड्रम घरटी चार असतात. खत कालवायला, औषध कालवायला. भंगारात जातात तेव्हा कोणता ड्रम कशाचा हे विकणाऱ्यालाही आठवत नाही. आमच्या शिवारात एकाने तणनाशकाचा ड्रम दोन-तीन वेळा धुऊन त्यातून कपाशीला विद्राव्य खत दिलं. आठवडाभरात पानं बारीक झाली, बोटांसारखी चिरली, शेंडे वाकडे. त्या ड्रममध्ये टू-फोर-डी होतं. कपाशीला ते कणभरही सहन होत नाही. प्लास्टिक औषध पितं आणि मग हळूहळू सोडत राहतं.

कीटकनाशकाच्या डब्यावर त्रिकोणी खूण असते. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा दिसला म्हणून खुश होऊ नका, तोही विषाचाच डबा. कायद्यानेच हे रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात, पुन्हा वापरायचे नाहीत. कोण पुरतं ते सोडा.

आणि एक. असा ड्रम धुतलेलं पाणी नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. खाली कोणाची तरी विहीर असते.

एमआयडीसीकर
तापीकाठांचं पहिलं वाक्यच मुद्द्याचं आहे. मी एमआयडीसीत केमिकल स्टोअर सांभाळतो, अशा जाळीच्या टाक्या दररोज आत-बाहेर होतात. आम्ही त्यांना आयबीसी म्हणतो. काचवालाभाऊ, टाकी बघायला परत जाल तेव्हा हे बघा.

जाळीवर पुढे पत्र्याची पाटी असते. तिच्यावर ‘३१एचए१/वाय’ अशासारखा नंबर आणि पुढे महिना-वर्ष छापलेलं असतं. ३१ म्हणजे द्रवासाठीची ताठ टाकी, एचए१ म्हणजे आत प्लास्टिक आणि बाहेर धातूची जाळी. हा नंबर दिसला की लोक दोन टोकाच्या गोष्टी बोलतात. कोणी म्हणतं सर्टिफाइड आहे, बिनधास्त घ्या. कोणी म्हणतं यात अॅसिडच होतं. दोन्ही चूक. टाकी धोकादायक माल न्यायच्या लायकीची बनवली आहे, इतकंच तो नंबर सांगतो. आत काय होतं ते त्यातून कळत नाही. ते कळतं मालाच्या स्टिकरवरून. स्टिकर खरवडलेला असेल तर मी ती टाकी सोडून देतो. चांगल्या मालाचा स्टिकर कोणी कशाला खरवडेल? लाल चौकटीतली चित्रं दिसली, म्हणजे कवटी, ज्वाला, हातावर सांडणारं अॅसिड, मेलेला मासा, तर भाव विचारूच नका.

तारखेचंही महत्त्व आहे. धोकादायक माल भरायला प्लास्टिकची टाकी बनल्यापासून पाच वर्षंच चालते. पाण्याला ती अट नाही, पण त्यावरून प्लास्टिकचं वय समजतं. आपल्याकडच्या उन्हात उघड्यावर पडलेली टाकी लवकर ठिसूळ होते. बोटाच्या नखाने खरवडा, पांढरी भुकटी निघाली तर नको. काही ठिकाणी जुन्या जाळीत कोरी बाटली, म्हणजे आतली प्लास्टिकची टाकी, घातलेली मिळते. थोडे पैसे जास्त जातात, पण तशी मिळाली तर डोळे झाकून ती घ्या.

अजून एक. घातक रसायनाने माखलेले रिकामे ड्रम आणि टाक्या २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ३३.१ ला येतात. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या माणसाकडेच जायला हवेत. तुमच्या भंगारवाल्याकडे असं काही कागदपत्र आहे का, सहज विचारा. त्याच्या चेहऱ्यावरून कळेल.

काचवाला
स्टिकर होता, अर्धा फाटलेला. ‘सॉर्बि’ एवढं वाचता आलं. वास गोडसर होता, चिकट पण होतं कॉकपाशी.

एमआयडीसीकर
मग नशीबवान आहात. सॉर्बिटॉल असणार. टूथपेस्ट, खोकल्याची औषधं, मिठाई, सगळीकडे जातं. पाण्यात पूर्ण विरघळतं, गरम पाण्याने निघून जातं. मक्याचा स्टार्च-ग्लुकोज काढणारे कारखाने आपल्याच पट्ट्यात आहेत, दोंडाईचाला आहे ना. अशा साखरेच्या कुळातल्या मालाची टाकी सगळ्यात चांगली. खाद्यतेलाची दुसऱ्या नंबरवर, कारण तेलाचा पातळ थर निघता निघत नाही. पण अर्ध्या शब्दावर जाऊ नका, दुसऱ्या बाजूला छोटं लेबल असतं, बॅच नंबरचं, तेही बघा.

जारवाला
चोपड्यात जारच्या पाण्याचा प्लँट आहे माझा. वाचत होतो, पण इथे बोलावं लागेल. टाकी कितीही स्वच्छ असू द्या, आत पाणी कोणतं भरणार?

आमच्याकडे बोरचं पाणी टीडीएसला, म्हणजे विरघळलेल्या क्षारांच्या मापाला, सातशे-आठशेच्या घरात येतं. आरओ त्यातले नव्वद-पंचाण्णव टक्के क्षार काढतो, म्हणजे चाळीस ते ऐंशी उरतात. पिण्यासाठी ते झकास. काचेसाठी नाही. पुसायचं नसेल, तसंच वाळू द्यायचं असेल, तर टीडीएस दहाच्या आत हवा, शून्य आलं तर उत्तम. त्यासाठी आरओच्या पुढे मिक्स्ड बेड रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांची, एक बाटली लावावी लागते. बॅटरीत घालायचं डीएम वॉटर तयार करतात तीच पद्धत. आरओ न लावता बोरचं पाणी थेट रेझिनमधून काढलं तर रेझिन पटापट संपतं आणि ते स्वस्त नाही. म्हणून दोन्ही पाहिजे.

दोन गोष्टी खानदेशातल्या माणसाने लक्षात ठेवायच्या. आरओच्या मेंब्रेनला ४५ अंशांपर्यंतचंच पाणी चालतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी किती तापतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे आरओ रात्री किंवा पहाटे चालवा. पाणी कोमट असलं तरी मेंब्रेनमधून क्षार जास्त निसटतात, उन्हाळ्यात मीटरवर आकडा चढलेला दिसेल तो त्यामुळे.

दुसरं, आरओ जेवढं शुद्ध देतो तेवढंच किंवा त्याहून जास्त पाणी टाकून देतो. नळाला एक दिवसाआड, दोन दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत तुमच्या मोरीतून दिवसभर पाणी वाहताना दिसलं तर शेजारी काय बोलतील? ते वेगळ्या टाकीत धरा. शटर, पायऱ्या, मळकट काचेचा पहिला हात, गाडी धुणं, सगळं त्यावर होतं.

निवृत्त गार्ड
भुसावळहून. मी लहानपणापासून दुकानाच्या काचा वर्तमानपत्राने पुसलेल्या बघितल्या. एवढा खटाटोप कशासाठी? विहिरीचं पाणी, थोडा साबण, चांगला वायपर. काच लख्ख.

धुळेकरीण
काका, तुमचं चूक नाही. हाताने वायपर मारायचा असेल तर साधं पाणी चालतं, कारण पाणी काचेवर वाळूच देत नाही आपण. आम्ही आतल्या काचा अजून तशाच करतो. शुद्ध पाणी लागतं ते तिसऱ्या मजल्याला, जिथे हात पोचत नाही आणि पाणी आपोआप वाळतं. कामावरच्या मुलांना शिडीवर चढवायचं नाही, हा माझा मुद्दा. पाण्याचा सगळा खर्च मी त्या खात्यात धरते.

आणि काचवालाभाऊ, सोलरचं काम धरून ठेवा. आता घरोघरी छतावर पॅनेल आहेत, साक्रीकडे शिवाजीनगरला महाजनकोचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प आहे, म्हणजे लोकांना पॅनेल धुवायचं असतं हे समजावावं लागत नाही. ब्रश तोच, पाणी तेच. फक्त तापलेल्या पॅनेलवर दुपारी गार पाणी मारू नका, सकाळी उजाडता उजाडता उरका.

काचवाला
ताई, सोलरचं डोक्यात आलंच नव्हतं.

आज परत जाऊन आलो. मागच्या लेबलवर सॉर्बिटॉल पूर्ण लिहिलेलं आहे. टाकी गाडीवर ठेवायचा विचार सोडला, घरी साठवणीला ठेवेन आणि गाडीत ड्रम. आता प्रश्न दोन. धुवायची कशी? आणि टीडीएस मीटरने तपासली की झालं ना? गच्चीवर ठेवली तर पाणी उताराने खाली येईल, पंप वाचेल.

जुनाफिटर
गच्चीवर अजिबात नको. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून बांधतात. तुमची टाकी सव्वा चौरस मीटरवर साडेदहाशे किलो घेऊन बसणार, म्हणजे चौपटीहून जास्त. नेहमीच्या पाण्याच्या टाक्या कॉलमवर, बीमवर बांधलेल्या ओट्यावर असतात, त्याचं कारण हेच. तळमजल्यावर कोबा करा, त्यावर दोन फुटांचा विटांचा ओटा आणि सावलीत. भरायला छोटी मोटर लावा, पंप वाचवायला घर पाडू नका.

एमआयडीसीकर
धुण्याचं: आधी गार पाण्याने चिकटपणा काढा. मग पन्नास-साठ अंशांचं पाणी आणि धुण्याचा सोडा, टाकी चारही बाजूंनी कलंडवून, कॉक उघडा ठेवून. कॉकच्या आत खाचा असतात, सगळी घाण तिथे बसते. तो काढून वेगळा धुवा. शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्याने. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही नको, क्लोरीन वायू निघतो.

आता मीटर. इथे बहुतेक लोक फसतात. टीडीएस मीटर पाण्यातली वीज वाहण्याची क्षमता मोजतो. क्षार असले तर आकडा वाढतो. पण साखर, तेल, बरीचशी कीटकनाशकं, सॉल्व्हंट यांना तो आंधळा आहे. ग्लासभर शुद्ध पाण्यात चमचाभर साखर घाला आणि मोजा, आकडा जवळपास तोच राहील. म्हणून मीटर शून्य दाखवतो म्हणजे टाकी स्वच्छ, असं नाही.

खरी तपासणी अशी. टाकीत थोडं शुद्ध पाणी घालून झाकण लावून दोन दिवस उन्हात ठेवा. झाकण उघडल्याबरोबर वास घ्या. त्यातलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून जोराने हलवा, फेस टिकला तर साबण किंवा असलंच काही शिल्लक आहे. मग ते पाणी आरशावर ओतून उभं वाळू द्या आणि बाजूने उजेड पाडून बघा. तेलकट इंद्रधनुष्य, धूसर पट्टे, चिकटपणा, काहीही दिसलं की पुन्हा धुवा. मीटर या सगळ्यानंतर.

तापीकाठ
आरशाची युक्ती आवडली.

खटपट्या
झाकण लहान आहे, हात जात नाही. ग्राइंडरने वरचा भाग कापून घेतला तर आतून घासता येईल की.

एमआयडीसीकर
खटपट्याभाऊ, सॉर्बिटॉलच्या टाकीला कापाल तर फार तर धूळ बसायला तोंड मोकळं होईल. पण ही सवय लावू नका. सॉल्व्हंट, पेंट, डिझेल असलेला ड्रम रिकामा दिसला तरी आत वाफ असते, ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. भंगारच्या दुकानांत असे ड्रम फुटून माणसं गेली आहेत. प्रेशर पंपाची वाकडी लान्स, म्हणजे पुढची लांब नळी, झाकणातून आत घाला, कोपरे तिनेच निघतात.

जारवाला
शेवाळ राहिलं. ही टाकी अर्धपारदर्शक असते, उजेड आत जातो. आठ-दहा दिवसांत भिंतीला हिरवा बुळबुळीत थर येईल, तो सुटला की ब्रशची भोकं बुजतात. काळी ताडपत्री गुंडाळा किंवा बाहेरून काळा रंग द्या. आणि शुद्ध पाणी फार दिवस साठवू नका, दोन-तीन दिवसांचं बनवा आणि संपवा. टाकीनंतरच्या वाटेत लोखंडी, जीआय फिटिंग नको. शुद्ध पाणी धातू खातं, शून्याचं पाणी ब्रशपर्यंत पोचेस्तोवर दहाचं होतं. प्लास्टिक किंवा स्टील.

धुळेकरीण
ड्रम घेतानाही हेच सगळं लागू. आम्ही दोन्ही ड्रम एका बेकरीवाल्याकडून घेतले, ग्लुकोजचे. भंगारात जायच्या आधी थेट वापरणाऱ्याकडून घेतलं की आत काय होतं ते विचारायची गरजच नाही, समोर दिसतं. स्वस्तही पडतात. तुमच्याकडे फरसाण-मिठाईवाल्यांना विचारा.

काचवाला
टाकी घेतली, अडतीसशेला सोडली. गरम पाण्याने धुतली, कॉक खोलून साफ केला. आरशावर एका कोपऱ्यात अजून किंचित धूसर दिसतं, उद्या परत एक हात मारतो. ड्रमसाठी नवीपेठेत एका मिठाईवाल्याकडे सांगून ठेवलंय.

एक अडलं. कॉकच्या तोंडाला जाड आट्या आहेत, आपलं दोन इंची पीव्हीसी बसतच नाही. बाजारात दोन दुकानं फिरलो.

जुनाफिटर
बसणार नाही. तिच्या आट्या वेगळ्या असतात, जाड आणि लांब-लांब, साठ मिलीच्या. ‘आयबीसी अडॅप्टर, एस साठ बाय सहा’ असं मागा, एका बाजूला टाकीची आटी आणि दुसऱ्या बाजूला पाऊण किंवा एक इंची. ड्रिपच्या दुकानात नसेल तर ऑनलाइन मिळतो. आत रबराचा वायसर असतो तो बघून घ्या, टेफ्लॉन टेप गुंडाळून जबरदस्ती करू नका, प्लास्टिकची आटी एकदा कापली की कॉकच बदलावा लागतो.

काचवाला
मागवला. वायसर दोन जास्तीचे सांगितले.